प्रोटीन फ्लुओरोसेन्ससाठी यूव्ही सोर्स: झेनॉन बदलावा की २८०/२९५ ची एलईडी बसवावी?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. सांगलीकडच्या एका कॉलेजात बायोकेमिस्ट्री शिकवते, दोन मुली माझ्याकडे पीएचडी करतायत. आमच्याकडे एक जुना स्पेक्ट्रोफ्लुओरोमीटर आहे (सँपलवर ठरावीक प्रकाश टाकून, म्हणजे एक्साइट करून, सँपल उलट जो प्रकाश बाहेर टाकतं ते एमिशन मोजायचं यंत्र), १५० वॉटचा झेनॉन लँप, दोन्ही बाजूंना मोनोक्रोमेटर (हवी ती तरंगलांबी निवडणारा भाग), मशीन तसं दणकट. काम मुख्यतः बीएसए, एचएसए (गाईच्या आणि माणसाच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रोटीन) आणि अंड्यातलं लायसोझाइम यांच्यावर. एकीचं युरिया टाकून अनफोल्डिंग (प्रोटीनची घडी उलगडणं) बघणं, आणि दुसरीचं म्हणजे एका वनस्पतीतून काढलेलं पिवळं कंपाउंड बीएसएला बाइंड होतं का ते क्वेंचिंगवरून, म्हणजे प्रोटीनची चमक किती घटते त्यावरून, काढणं.

अडचण अशी की गेले काही महिने २८० नॅनोमीटरला (पुढचे असे आकडेही तरंगलांबीचेच) एक्साइट केलं की सिग्नल फारच कमी येतोय, स्लिट (प्रकाश जायची फट) मोठी करून करून स्पेक्ट्रमचा आकारच जायला लागलाय. पण क्विनाइन सल्फेट ३५० ला एक्साइट केलं तर जवळपास पूर्वीसारखंच येतं. सर्व्हिसवाल्यांनी मशीन न उघडताच सांगितलं की लँप बदला, आणि कोटेशन असं आलंय की ते प्रिन्सिपॉल सरांपुढे कसं न्यायचं हाच प्रश्न आहे. आमच्या फिजिक्सचे सर म्हणतात लँप कशाला, आता २८० ची यूव्ही एलईडी काही हजारात मिळते, ती बसवून टाकू. कोणी सुचवलं की डिपार्टमेंटला पडलेला २५४ चा जर्मिसायडल दिवा वापरा, टीएलसी (थिन लेयर क्रोमॅटोग्राफी) प्लेट बघायचा. मला यातलं इलेक्ट्रॉनिक्स कळत नाही पण मुलींचं काम अडलंय आणि चुकीच्या सोर्सवर घेतलेला डेटा नंतर थिसिसमध्ये गळ्याशी येईल ही खरी काळजी आहे. ज्यांनी हे हाताने केलंय त्यांनी सांगा प्लीज.

जुना_स्पेक्ट्रोवाला
ताई, पैसे खर्च करायच्या आधी एक टेस्ट करा, फुकट आहे. क्विनाइन सल्फेट ०.१ मोलर सल्फ्युरिक अॅसिडमध्ये तुमच्याकडे आहेच. ते ३५० ला घेता तसंच २५० लाही अॅब्सॉर्ब करतं आणि दोन्ही वेळा एमिशन ४५० च्याच आसपास येतं. म्हणजे एमिशन ४५० ला फिक्स ठेवून २५० आणि ३५० दोन्हीला रीडिंग घ्या आणि रेशो काढा, रेफरन्स करेक्शन (लँपच्या चढउताराची आपोआप भरपाई करणारं) बंद ठेवून. जुन्या फायलींमध्ये क्विनाइनचा एक्सायटेशन स्कॅन असेल तर त्यावरून पूर्वीचा रेशो काढा. रेशो पडला असेल तर दोष एक्सायटेशनच्या बाजूला, म्हणजे लँप किंवा त्याच्या पुढचा आरसा. आणि रेशो पूर्वीसारखाच असेल तर लँप चांगला आहे, तुमचा प्रोटीनचा ३४० च्या आसपासचा सिग्नल एमिशनच्या बाजूला कुठेतरी मरतोय, आणि मग नवा लँप लावूनही काही फरक पडणार नाही. सर्व्हिसवाले हे करत नाहीत याचं मला फार वाईट वाटतं कारण छोट्या कॉलेजचं वर्षाचं बजेट त्यात जातं.

झेनॉनचं म्हातारपण असंच असतं. दिवा पांढराशुभ्र दिसत राहतो, ४०० च्या वर काही कळतच नाही, पण इलेक्ट्रोडचं टंगस्टन उडून क्वार्ट्झच्या आतून पातळ काळपट थर बसतो आणि सगळ्यात आधी यूव्ही जातं. १५० वॉटच्या लँपचं आयुष्य साधारण १००० ते २००० तास धरतात पण प्रोटीनवाल्यांसाठी ते त्याच्या बरंच आधी संपलेलं असतं. म्हणून आम्ही लँप नवीन असतानाच रेफरन्स चॅनलवर २५० ते ६०० स्कॅन घेऊन ठेवायचो. झेनॉनची ४६७ ला एक ठळक लाइन असते, तिच्या तुलनेत २८० ला किती येतंय हा आकडा दर महिन्याला वहीत लिहायचा. तासांच्या मीटरपेक्षा हा आकडा जास्त खरं सांगतो.

पहिला आरसा मात्र नक्की बघा. लँपच्या अगदी पुढ्यात असतो, वर्षानुवर्षं यूव्ही आणि ओझोन खाऊन त्याचं कोटिंग धुरकट होतं, आणि ते बोटाने किंवा टिश्यूने पुसलं की कायमचं गेलं. जाणकार माणसाकडूनच बघून घ्या.

लँप बदलावाच लागला तर हे माझं कळकळीचं सांगणं. आतला गॅस थंड असतानासुद्धा जवळपास दहा अॅटमॉस्फियर प्रेशरला असतो, गरम झाल्यावर त्याच्या कितीतरी पट. पूर्ण थंड होऊ द्या, चेहऱ्यावर शील्ड, हातात स्वच्छ हातमोजे, आणि क्वार्ट्झला उघडं बोट लावायचं नाही, लागलंच तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं नाहीतर तो ठसा तिथेच भाजून बसतो आणि काच तिथून कमजोर होते. अॅनोड-कॅथोड उलटे लावले तर नवा लँप थोड्याच वेळात गेला समजा. आणि लँप आधी पेटवायचा, कॉम्प्युटर नंतर, कारण इग्निशनचा झटका हजारो व्होल्टचा असतो. ऑर्डर देताना ओझोन-फ्री घेतलात तरी चालेल, त्याची काच साधारण २४० च्या खालचं अडवते, तुमच्या २८० ला धक्का लागत नाही, आणि खोलीत तो वासही येत नाही.

इंडोल
२५४ च्या दिव्याचं मी आधीच सांगते, नको. ट्रिप्टोफॅन (प्रोटीनमधला मुख्यतः चमकणारा अमिनो अॅसिड) तिथे अॅब्सॉर्ब करतो खरा पण कमी, शिखर २८० ला आहे. सँपलमध्ये न्यूक्लिक अॅसिडचा अंश असेल तर तोच बराचसा प्रकाश खाईल, फिनाइलअॅलनिन हा दुसरा अमिनो अॅसिडही मधे येतो, आणि त्या दिव्याच्या ३१३, ३६५, ४०५, ४३६ च्या पाऱ्याच्या लाइन्स स्कॅटर होऊन थेट तुमच्या एमिशनच्या खिडकीत येतात. टीएलसी प्लेटसाठी उत्तम, याच्यासाठी नाही. पाऱ्याची २९६.७ ची एक लाइन मात्र ट्रिप्टोफॅनसाठी नेमकी जागेवर पडते, पण त्यासाठी मीडियम प्रेशरचा दिवा आणि चांगला मोनोक्रोमेटर हवा. तुमच्याकडे तो नाहीये, त्यामुळे सोडा.

बाकी सविस्तर रात्री लिहिते.

दिवेवाला
इन्स्ट्रुमेंटेशनमधला आहे, पुण्यात. डीप यूव्ही एलईडीवर बरंच काम केलंय म्हणून तुमच्या फिजिक्सच्या सरांच्या बाजूने बोलतो, पण अटींसह.

२८० ची एलईडी अॅल्युमिनियम गॅलियम नायट्राइडची असते. १५० वॉटचा झेनॉन मोनोक्रोमेटरमधून गेल्यावर ५ एनएमच्या स्लिटला सँपलवर पडतो तो प्रकाश मिलीवॉटच्या आसपास किंवा त्याहूनही कमी, आणि ही तांदळाएवढी चिप तेवढं सहज देते, वर वॉर्म-अपची फार वाट बघायला नको, हाय व्होल्टेज नाही, स्फोटाची भीती नाही. त्यामुळे कल्पना वेडी अजिबात नाहीये. मेल्टिंग कर्ववाली (प्रोटीन किती तापमानाला उलगडतं ते काढणारी) नॅनो-डीएसएफ मशिनं येतात तीसुद्धा २८० लाच एक्साइट करून ३३० आणि ३५० चा रेशो बघतात.

आता अटी. पहिली म्हणजे माल खरा आहे का. २०२० नंतर ऑनलाइनवर यूव्हीसी म्हणून इतकं काहीबाही विकलं गेलंय की विचारू नका, बऱ्याचशा ३९५ च्या जांभळ्या एलईडी असतात. ओळखायची सोपी खूण सांगतो. साधा पांढरा छपाईचा कागद घ्या, त्यात ब्राइटनर असतो, यूव्ही पडलं की तो निळसर चमकतो. मधे खिडकीची साधी काच धरा. काच मधे येताच कागदाची चमक गेली तर प्रकाश खरोखर ३०० च्या खालचा आहे, कारण साधी काच तो अडवते. चमक तशीच राहिली तर तुम्हाला ३६५ किंवा ३९५ विकलंय, परत करा. हे करताना पॉलिकार्बोनेटचा गॉगल आणि फुल बाह्या हव्यातच. २८० डोळ्याला जवळपास दिसत नाही म्हणून माणूस बेफिकीर राहतो, आणि पाच-सहा तासांनी डोळ्यात वाळू गेल्यासारखं होतं, वेल्डिंग लागल्यावर होतं तेच.

दुसरी अट फिल्टरची, आणि इथेच सगळे फसतात. डेटाशीटवर लिहिलेलं असतं रुंदी १० एनएमच्या आसपास, ग्राफ छान टोकदार दिसतो. पण तोच ग्राफ लॉग स्केलवर काढला की कळतं, शिखराच्या उजवीकडे एक लांब पसरट शेपूट आहे, ३०० पासून पार दृश्य प्रकाशापर्यंत. शिखराच्या मानाने नगण्य, पण प्रोटीनचं फ्लुओरोसेन्सही कुठे मोठं असतं? ती शेपूट सँपलवरून स्कॅटर होऊन ३४० ला पोचते आणि तुम्हाला वाटतं प्रोटीन चमकतंय. त्यामुळे एलईडीच्या पुढे २८० चा इंटरफेरन्स बँडपास फिल्टर लागणारच, आणि खरं सांगायचं तर तो फिल्टर एलईडीपेक्षा महाग पडतो. ताईंकडे एक्सायटेशन मोनोक्रोमेटर चांगला असेल तर एलईडी त्याच्या आधी, लँपच्या जागी बसवायची, म्हणजे फिल्टरचं काम तोच करेल.

तिसरी अट, कॉन्स्टंट करंट ड्रायव्हर आणि चांगला हीट सिंक. या चिपला दिलेल्या विजेतला फार थोडा भाग प्रकाश होतो, बाकी सगळी उष्णता, आणि गरम झाली की आउटपुट घसरतं आणि शिखरही थोडं उजवीकडे सरकतं. टायट्रेशन चालू असताना असं झालं तर ते क्वेंचिंगच वाटेल. लेन्स वापरलीत तर फ्यूज्ड सिलिकाची, साध्या काचेची नाही.

आणि एक उणीव आहेच, एलईडीवर एक्सायटेशन स्कॅन होत नाही. त्या कामाला झेनॉनच लागेल.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं नीट कोणीच सांगितलं नव्हतं. स्पेक्ट्रोवाले सर, तुमची क्विनाइनची टेस्ट आज दुपारीच केली. जुन्या फायलीत स्कॅन सापडला, त्याच्या मानाने २५० चा रेशो निम्म्याच्याही खाली आलाय. म्हणजे एक्सायटेशनचीच बाजू. आमचे फिजिक्सचे सर आरसा बघणार आहेत, हात न लावता.

दिवेवाला सर, एलईडी घ्यायची झाली तर २८० ची की २९५ ची? एक मुलगी म्हणते पेपरांमध्ये दोन्ही असतं.

इंडोल
आता सविस्तर, कारण हा प्रश्न सोर्सचा दिसत असला तरी खरा प्रोटीनचा आहे.

२८० ला ट्रिप्टोफॅन आणि टायरोसिन (हाही अमिनो अॅसिडच) दोघेही प्रकाश घेतात. ट्रिप्टोफॅनचा मोलर अॅब्सॉर्प्शन (प्रकाश घेण्याची ताकद) ५५०० च्या आसपास, टायरोसिनचा १४९० च्या आसपास, पण टायरोसिन संख्येने जास्त असतात. तुमच्या एचएसएमध्येच बघा, ट्रिप्टोफॅन एकच, २१४ नंबरचा, आणि टायरोसिन १८. गुणाकार केलात तर कळेल की २८० ला पडलेला बहुतेक प्रकाश टायरोसिन घेतायत. घडी घातलेल्या प्रोटीनमध्ये ते आपली बरीचशी एनर्जी त्या एका ट्रिप्टोफॅनला देऊन टाकतात म्हणून ३४० चंच शिखर दिसतं. युरियाने प्रोटीन उलगडलं की अंतर वाढतं, देवाणघेवाण कमी होते, आणि ३०३-३०४ ला टायरोसिनचा खांदा डोकं वर काढतो. मला हा खांदा वर येताना बघायला आजही आवडतं, एकाच स्पेक्ट्रममध्ये घडी सुटताना दिसते. २९५ ला हे तुम्हाला कधीच दिसणार नाही कारण तिथे टायरोसिन जवळपास काहीच घेत नाही.

म्हणून अनफोल्डिंगवाल्या मुलीला दोन्ही हवेत: २९५ वरून ट्रिप्टोफॅनचं शिखर ३४० कडून ३५० कडे कसं सरकतं ते, आणि २८० वरून टायरोसिनची गोष्ट. लायसोझाइममध्ये ट्रिप्टोफॅन ६ आहेत पण प्रकाशाचा मोठा वाटा ६२ आणि १०८ या दोघांचा, तिथे २९५ पुरेल. क्वेंचिंगवालीला २९५च. आणि हे एलईडीवाल्यांना सांगते, २९५ च्या एलईडीची रुंदी १० एनएम म्हणजे तिचा डावा उतार २९० च्या खाली जातो आणि टायरोसिनला थोडं उठवतोच. मोनोक्रोमेटरची ३ एनएमची स्लिट आणि एलईडी या दोन गोष्टी सारख्या नाहीत, पेपरमध्ये नुसतं २९५ लिहून भागत नाही.

पाण्याचं रामन शिखर (पाण्यानेच विखुरलेल्या प्रकाशाचं, प्रोटीनचं नव्हे) ओळखायला मुलींना आधीच शिकवा. एक्सायटेशनपासून ३४०० वेव्हनंबर खाली ते येतं, म्हणजे २८० ला एक्साइट केलं तर ३१० च्या जवळ आणि २९५ ला केलं तर ३२८ च्या जवळ. ३२८ म्हणजे अगदी ट्रिप्टोफॅनच्या शिखराच्या अंगावर! लँप कमजोर, प्रोटीन पातळ, अशा वेळी ते आत दडलेल्या ट्रिप्टोफॅनसारखं दिसतं आणि लोक प्रोटीन घट्ट झालं असं लिहून मोकळे होतात. बफरचा ब्लँक त्याच दिवशी, त्याच क्यूव्हेटमध्ये घेऊन वजा करायचाच. क्यूव्हेट क्वार्ट्झचा, चारही बाजू पॉलिश असलेला.

आता पिवळ्या कंपाउंडबद्दल, कारण इथे मला राहवत नाही. बीएसए आणि अमुक कंपाउंड असे ढिगाने पेपर निघतात आणि त्यातल्या कितीतरी ठिकाणी जे क्वेंचिंग म्हणून दाखवलंय ते बाइंडिंग नसून कंपाउंडने स्वतःच प्रकाश खाल्लेला असतो. हिशोब करून बघा. समजा शेवटच्या टायट्रेशन पॉइंटला तुमच्या कंपाउंडचा अॅब्सॉर्बन्स २९५ ला ०.३ आणि ३४० ला ०.२ आहे. करेक्शन म्हणजे दोघांच्या बेरजेच्या निम्म्याचा १० चा घात, १० चा ०.२५ वा घात, म्हणजे १.७८. याचा अर्थ काहीच बाइंड झालं नाही तरी सिग्नल ४४ टक्के पडलेला दिसणार! आणि मग त्यावर स्टर्न-व्होल्मरची (क्वेंचिंगच्या नेहमीच्या समीकरणाची) सरळ रेघ काढायची, टाऊ नॉट (कंपाउंड नसतानाचा लाइफटाइम, म्हणजे एक्साइट झालेला रेणू चमकायच्या आधी सरासरी किती वेळ थांबतो तो) कुठल्यातरी जुन्या पेपरवरून १० नॅनोसेकंद टाकायचा, बीएसएचा खरा सरासरी ६ च्या आसपास असताना, आणि निष्कर्ष लिहायचा. त्या मुलीची मेहनत असल्या पायावर उभी राहू नये असं मला फार वाटतं. नवा दिवा कितीही तेजस्वी आणा, हा दोष त्याने जात नाही. प्रत्येक पॉइंटला अॅब्सॉर्बन्स घ्या, एकूण ०.१ च्या आत ठेवता आलं तर उत्तमच. बीएसए २ मायक्रोमोलर घेतलं तर २८० ला त्याचाच ०.०९ होतो, त्यामुळे २९५ ला तुम्हाला बरीच जागा मिळते.

दिवेवाला
स्लिटबद्दल मान्य, म्हणूनच मी मोनोक्रोमेटरच्या आधी बसवा म्हटलं. पण एक भर घालतो, झेनॉनवाल्यांनीही शटर वापरायला शिका. २८० चा प्रकाश सतत पडत राहिला की ट्रिप्टोफॅन जळतो, एन-फॉर्मिलकायन्युरेनिन वगैरे तयार होतं, काही प्रोटीनमध्ये डायसल्फाइड बाँडही तुटतात. एलईडी नुसत्या रीडिंगपुरती पेटवता येते हा तिचा मोठा फायदा आहे. मी तर म्हणेन पहिलं टायट्रेशन करायच्या आधी नुसतं प्रोटीन ठेवून, काहीही न टाकता, तेवढाच वेळ रीडिंग घेत रहा. सिग्नल खाली आला तर तेवढा तुमच्या दिव्यानेच खाल्लाय.

कुलाबा_दांडा
उशिरा आलो. तुमच्यापैकी कोणी लाइफटाइम मोजण्याचा विषय काढला नाही म्हणून लिहितो. क्वेंचिंग स्टॅटिक (आधीच जोडी जमून) की डायनॅमिक (टक्कर होऊन) हे स्टेडी स्टेटवरून, म्हणजे सतत प्रकाशात मोजलेल्या नुसत्या सिग्नलवरून, वादात पडतं, पण लाइफटाइम मोजला की बराच निकाल लागतो. कंपाउंडने सिग्नल पाडला पण लाइफटाइम तोच राहिला तर टक्कर होऊन क्वेंच होत नाहीये, एकतर आधीच जोडी जमलीय किंवा इंडोल यांनी सांगितलं तसं नुसतं प्रकाश खाणं. सोर्सच्या दृष्टीने यात झेनॉन कामाचा नाही, पल्स लागतो. एकतर २८० किंवा २९५ च्या पल्स्ड एलईडी, नॅनोसेकंदाच्या आसपास रुंदीच्या, ट्रिप्टोफॅनचा ३ नॅनोसेकंदांचा भाग त्यात दिसतो पण ०.५ च्या आसपासचा छोटा भाग वेगळा काढताना दमछाक होते. नाहीतर टायटॅनियम-सफायर लेझर ८८५ ला चालवून तिसरा हार्मोनिक (एक तृतीयांश तरंगलांबीचा प्रकाश) काढायचा, ८८५ ला तिनाने भागलं की बरोबर २९५, पल्स पिकोसेकंदांतला. मुंबईत टीआयएफआरला (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) या प्रकारचं काम कैक वर्षं झालंय. कॉलेजने हे विकत घ्यायची गरज नाही. आयआयटी मुंबईची सैफ (अत्याधुनिक विश्लेषण उपकरणांची सुविधा) आहे, बाहेरच्यांसाठीच असते, त्यांना काय उपलब्ध आहे ते मेल टाकून विचारा, आणि आधीचे स्टेडी स्टेट आकडे नीट असतील तर तिथे नेण्यासारखे नमुने मोजकेच उरतात.

कृष्णाकाठ
आरसा सरांनी बघितला, स्वच्छ आहे म्हणाले. म्हणजे लँपच. प्रिन्सिपॉल सरांपुढे आता क्विनाइनचे दोन आलेख घेऊन जाते, नुसत्या कोटेशनपेक्षा बोलायला काहीतरी हातात आहे. लँप येईपर्यंत २९५ ची एलईडी मोनोक्रोमेटरच्या आधी बसवून बघायचं ठरलंय, कागद आणि काचेची टेस्ट करूनच. तोपर्यंत पिवळ्या कंपाउंडचं काय करू? मुलीने सगळी टायट्रेशन २८० ला घेतलीयत.

इंडोल
ती टाकून देऊ नका पण तशीच वापरूही नका. दिवा येईपर्यंत नुसत्या यूव्ही-व्हिजिबलवर बसवा तिला, प्रत्येक पॉइंटचा अॅब्सॉर्बन्स २८०, २९५ आणि ३४० ला घेऊन टेबल करू दे, त्यावरून जुन्या आकड्यांना करेक्शन लावा आणि बघा काय उरतंय. आणि एन-अॅसिटिल ट्रिप्टोफॅनामाइड, नाटा म्हणतात ते, मागवून ठेवा. सोर्स आला की पहिलं टायट्रेशन बीएसएवर नको, नाटावर करा, बीएसएइतकाच २९५ चा अॅब्सॉर्बन्स ठेवून. त्यात कंपाउंडला बसायला खिसा नाही. नाटाचा सिग्नल बीएसएइतकाच पडला तर ते बाइंडिंग नव्हे, बीएसएचा जास्त पडला तर तो जो फरक आहे त्यावर पुढचं काम करा.